जमाव, हद्दपारी आणि लोकशाही : उत्तर ठाणे जिल्ह्यातील निषेधाचा इतिहास

विरार स्थानकाच्या पश्चिमेस काही मैलांवर वसलेले आगाशी हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे ते मुख्यतः पोर्तुगीजांच्या सोळाव्या शतकातील स्वाऱ्यांमुळे, तेथील जुन्या जहाजबांधणीमुळे आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली त्या मोहिमेमुळे. केळीच्या बागा, सुकेळीचा व्यापार आणि भवानीशंकराचे देवालय ह्यांनी ओळखल्या जाणाऱ्या ह्या बागायती गावाचा आधुनिक राजकीय इतिहास मात्र गावाच्या शिवेपुरता मांडता येत नाही. त्याचे कारण प्रशासकीय आहे. ३१ जुलै २०१४ पर्यंत आगाशी ठाणे जिल्ह्यात होते. दुसऱ्या दिवशी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. १९४० नंतरच्या दशकात ठाण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याला एका सहीने वसईच्या बागायतदारावर आणि उंबरगावच्या वारल्यावर सारखाच मनाई हुकूम बजावता येत असे. मुंबईहून आगगाडीने डहाणूकडे निघालेल्या कोणालाही वसई रोड आणि विरार ही स्थानके ओलांडूनच पुढे जावे लागे, आणि ज्याला जिल्ह्यातून हद्दपार केले त्याला ही वाटच बंद होई. किनाऱ्यावरील बागायती गावे आणि पूर्वेकडील जंगलपट्टी ह्यांचे समाजजीवन परस्परांहून कितीही भिन्न असले तरी निषेधाला गुन्ह्याचे रूप देणारे यंत्र दोहोंसाठी एकच होते. त्या यंत्राचा परिचय करून घेतल्यावाचून ह्या प्रदेशातील १९४२ ते १९४७ ह्या पाच वर्षांचा अर्थ लागत नाही, आणि प्रजासत्ताकाने त्या यंत्राचे पुढे काय केले हेही समजत नाही.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेत निषेध करणे हा अपराध म्हणून कोठेही सांगितलेला नाही. कलम १४१ पाच किंवा अधिक माणसांचा जमाव विशिष्ट हेतूने एकत्र आला असता त्यास बेकायदा ठरविते. पांगण्याचा हुकूम झाल्यावरही जमावात राहणे हा कलम १५१ खाली गुन्हा होतो. कलम १८८ मध्ये सरकारी अधिकाऱ्याने रीतसर काढलेल्या हुकुमाच्या अवज्ञेस शिक्षा आहे. ह्यांपैकी शेवटचे कलम दिसावयास सर्वांत क्षुल्लक. त्यातील मूळ शिक्षा एक महिन्याची साधी कैद किंवा दोनशे रुपये दंड एवढीच. परंतु ज्या हुकुमाची अवज्ञा व्हावयाची तो काढण्याचा अधिकार दंडसंहितेत नसून फौजदारी प्रक्रिया संहितेत आहे, आणि खरे सामर्थ्य तेथे साठलेले आहे. १८६१ च्या पहिल्या प्रक्रिया संहितेत हा अधिकार कलम ६२ मध्ये होता, १८७२ च्या संहितेत तो कलम ५१८ मध्ये गेला, १८८२ मध्ये त्याला १४४ हा आकडा मिळाला आणि १८९८ च्या संहितेनेही तो कायम ठेवला. हे कलम ज्या प्रकरणात आहे त्याचा मथळा उपद्रवाच्या किंवा संभाव्य धोक्याच्या तातडीच्या प्रसंगी काढावयाच्या तात्पुरत्या हुकुमांविषयी आहे. त्याच्या लगत आधी येणारे प्रकरण सार्वजनिक उपद्रवांचे, म्हणजे रस्त्यातील अडथळे, पडाऊ भिंती आणि उघड्या विहिरी ह्यांचे. विधिकर्त्यांनी माणसांच्या सभेला कोणत्या शेजारात बसविले हे ह्यावरून ध्यानात येते.

ह्या रचनेची कार्यपद्धती साधी आहे. दंडाधिकाऱ्याला शांतताभंगाची भीती वाटते. तो हुकूम काढतो. हुकूम निघाल्यावर अमुक ठिकाणी अमुक वेळी उपस्थित असणे हाच अपराध होतो. पुढे खटला उभा राहतो तेव्हा हुकूम काढला होता काय, तो आरोपीस ठाऊक होता काय आणि त्याने तो मोडला काय, एवढेच प्रश्न न्यायासनापुढे येतात. लोक कशासाठी जमले होते, त्यांची मजुरी बुडविली होती काय, हा प्रश्न खटल्याच्या कक्षेत येतच नाही. गाऱ्हाणे आणि गुन्हा ह्यांची अशी ताटातूट करणे हा ह्या यंत्राचा गाभा होय, आणि त्यात कोणाही अधिकाऱ्याच्या वैयक्तिक दुष्टाव्याची गरज पडत नाही.

येथे दोन प्रकारच्या निषेधांतील भेद लक्षात ठेवला पाहिजे. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात कायदा मोडणे हेच कृतीचे स्वरूप होते. सत्याग्रही गुन्हा कबूल करीत आणि शिक्षा मागून घेत. अशा निषेधाचे गुन्हेगारीकरण झाले असे म्हणण्यात फारसा अर्थ नाही, कारण ते त्याने स्वतःच योजिलेले असते. ज्यांना कायदा मोडावयाचा नव्हता, किंबहुना ज्यांची मागणी कायद्याच्या बाजूची होती, अशांना गुन्हेगार ठरविले गेले तेथेच हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईस गवालिया टँकवर 'छोडो भारत' ठराव संमत झाला आणि पहाटेपूर्वीच नेत्यांची धरपकड सुरू झाली. त्यानंतर सहाव्या दिवशी, १४ ऑगस्टला, पालघरच्या कचेरीवर भोवतालच्या गावांतून मिरवणुका आल्या. गोळीबार झाला आणि त्यात पाच जण मृत्युमुखी पडले : सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, मुरब्याचे रामचंद्र माधव चुरी, पालघरचे रामप्रसाद भीमाशंकर तेवारी आणि सालवडचे सुकुर गोविंद मोरे. गावांची नावे पाहिली तर ती समुद्रकाठच्या आणि रेल्वेलगतच्या पट्ट्यातील आहेत. वसई तालुक्यातील आगाशीप्रमाणेच ह्या पट्ट्यात शाळा, वाचनालये आणि मुंबईशी नित्याचे दळणवळण होते. राष्ट्रीय सभेचा संदेश येथे वर्तमानपत्रातून आणि आगगाडीतून पोहोचत असे. सरकारदप्तरी त्या दिवशीचा जमाव बेकायदा होता. स्वातंत्र्यानंतर त्याच जमावातील मृतांस हुतात्मा ही पदवी लाभली, पालघरच्या चौकात स्मारक झाले आणि १४ ऑगस्ट हा त्या गावाचा स्मृतिदिन ठरला. सत्ताबदलाने गुन्ह्याचे रूपांतर हौतात्म्यात होते ह्याचे हे ठळक उदाहरण होय. तथापि हे रूपांतर प्रत्येक गोळीबाराच्या वाट्यास सारखेच येत नाही, हे त्याच जिल्ह्यात तीन वर्षांनी घडलेल्या घटनांवरून दिसते.

वारली समाजाची दुःस्थिती १९४५ साली कोणाला नव्याने शोधून काढावयाची नव्हती. १९३७ मध्ये बाळ गंगाधर खेर ह्यांचे पहिले मंत्रिमंडळ मुंबई प्रांतात अधिकारावर आले, आणि त्या काळात सनदी अधिकारी डी. सिमिंग्टन ह्यांच्याकडे आदिवासी व डोंगरी जमातींच्या पाहणीचे काम सोपविण्यात आले. त्यांचा अहवाल १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. जमीनदार आपल्या कुळांकडून मारहाणीच्या धाकाने वेठ घेतात. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापोटी तरुण वारली आणि त्याची बायको वर्षानुवर्षे सावकाराच्या घरी राबतात. 'लग्नगडी' ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या माणसांना सुटकेचा मार्ग उरत नाही. हे सर्व त्या अहवालात स्पष्ट शब्दांत नमूद आहे. स्वतः खेरांना ह्या प्रश्नाविषयी मनापासून कळकळ होती. मंत्रिपद सोडल्यावर त्यांनी १९४० मध्ये आदिवासी सेवा मंडळ स्थापिले, आणि बोर्डीचे आचार्य भिसे ह्यांच्यासारखे निःस्वार्थी शिक्षक त्या कार्यात पडले. म्हणजे राज्यसंस्थेला गाऱ्हाणे माहीत होते, ते तिच्याच अधिकाऱ्याने लिहून ठेवले होते, आणि त्याच्या निवारणाची इच्छा असणारी माणसेही सार्वजनिक जीवनात अग्रभागी होती. ही गोष्ट विसरून त्या काळाकडे केवळ क्रौर्य विरुद्ध न्याय अशा दृष्टीने पाहणे सोपे जाते, परंतु त्यामुळे खरा पेच हाती लागत नाही. राज्याला वारल्यांसाठी कोणी बोललेले चालत होते. वारली स्वतः एकत्र येऊन बोलू लागले, तेव्हा तो सुव्यवस्थेचा प्रश्न झाला.

७ जानेवारी १९४५ रोजी कल्याण तालुक्यात टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेची पहिली प्रांतिक परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर हे दांपत्य तिच्यामागे होते. दोघेही पूर्वी भारत सेवक समाजाचे सदस्य होते. गोदावरीबाई त्या संस्थेतील पहिल्या स्त्री सदस्य. युद्धविरोधी प्रचाराबद्दल दोघांनीही १९४० नंतर कारावास भोगला होता. टिटवाळ्यास जंगलपट्टीतून थोडे वारली आले होते, आणि त्यांनीच परुळेकरांना आपल्या मुलखात यावयास सांगितले. २३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यातील झरी येथे परिषद झाली. तेथे झालेले निर्णय मुद्दाम पाहण्यासारखे आहेत : जमीनदाराच्या शेतावर वेठ करावयाची नाही, लग्नगड्यांनी मुक्त व्हावयाचे, रोजाची मजुरी बारा आणे मागावयाची. मालकी हक्कावर किंवा सरकारच्या सत्तेवर आघात करणारे त्यात काही नव्हते. वेठ नाकारणे म्हणजे फुकट काम न करणे, आणि फुकट काम न करणे हा कोणत्याही संहितेत गुन्हा नव्हता. पुढील काही आठवड्यांत गावोगावचे लग्नगडी सावकारांच्या घरांतून निघून आले. पिढ्यान् पिढ्या चाललेला व्यवहार इतक्या शांतपणे मोडून पडला, ही गोष्ट जमीनदारांस दंग्यापेक्षा अधिक भयंकर वाटली असल्यास नवल नाही.

पावसाळा संपल्यावर गवतकापणीचा हंगाम आला. डहाणू-उंबरगाव भागातील गवत रेल्वेने मुंबईच्या तबेल्यांकडे जात असे आणि जमीनदारांच्या उत्पन्नाचा तो मोठा भाग होता. पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळावेत अशी मागणी करून वारल्यांनी काम थांबविले. गवत वेळेवर न कापल्यास वाळून वाया जाते, आणि ह्या एका निसर्गनियमात संपाचे सारे बळ होते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात अफवा पसरली की गोदावरीबाई तलवाड्यास येणार असून त्यांच्या जिवाला धोका आहे, सर्वांनी तेथे जमावे. १० ऑक्टोबरच्या रात्री दूरदूरच्या पाड्यांतून हजारो वारली काठ्या-कोयते घेऊन तलवाड्यास पोहोचले. गोदावरीबाई तेथे नव्हत्याच. त्यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) ह्या ग्रंथातील निवेदनानुसार ही अफवा जमीनदारांच्या हस्तकांनी उठविली होती, आणि त्याच वेळी वारली हल्ला करण्यास जमत असल्याची वर्दी पोलिसांस दिली होती. त्या रात्री व दुसऱ्या दिवशी जमावावर अनेकदा गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे ठार झाले. आपल्या कार्यकर्तीचे रक्षण करावयास आलेले लोक गोळीबार होऊनही बराच काळ जागचे हलले नाहीत, कारण ती सुखरूप असल्याचे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

गोदावरीबाईंचे निवेदन एका पक्षाच्या कार्यकर्तीचे आहे आणि ते तसेच वाचले पाहिजे. परंतु अफवा कोणी उठविली ह्याचा निर्णय बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उरते. हजारो माणसे हाती हत्यार घेऊन जमली असता त्यांच्याकडून एकाही जमीनदाराचा जीव गेल्याची नोंद नाही; मृत्यू झाले ते सर्व जमावातील. तरीही त्यानंतर बंदी आली ती सभांवर. मनाई हुकुमांनी किसान सभेचे सार्वजनिक काम थांबविण्यात आले. संप मात्र मोडला नाही, आणि त्याच महिन्यात जमीनदारांना मागितलेला दर द्यावा लागला. ज्या मागणीसाठी लोक जमले ती मान्य झाली आणि जमणे तेवढे निषिद्ध राहिले, हा निष्कर्ष विचित्र दिसतो. पण ज्या कायद्याने गाऱ्हाणे आणि गुन्हा वेगळे केले होते त्याच्या दृष्टीने त्यात विसंगती काहीच नव्हती.

१९४५ मध्ये प्रांतावर गव्हर्नरांची राजवट होती, त्यामुळे तलवाड्याची जबाबदारी परकी सत्तेवर टाकता येत होती. एप्रिल १९४६ मध्ये खेर पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि गृहखाते मोरारजी देसाई ह्यांच्याकडे आले. दोघांनीही १९४२ मध्ये तुरुंग पाहिला होता. त्या वर्षाच्या अखेरीस जंगलातील कूप तोडणाऱ्या मजुरांनी सव्वा रुपया रोजाची मागणी केली आणि काम बंद पाडले. ह्या वेळी लोकनियुक्त सरकारने परुळेकर दांपत्यासह किसान सभेच्या प्रमुख कार्यकर्त्यांना ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केले. जंगलपट्टीत सशस्त्र पोलीस आले, धरपकडी झाल्या, आणि जानेवारी १९४७ मध्ये पालघर तालुक्यातील नानिवली येथे पुन्हा गोळीबार झाला.

ह्या धोरणामागील भूमिका समजून घेणे अगत्याचे आहे, कारण ती आजही मांडली जाते. १९४६ चे वर्ष जातीय दंगलींचे होते. मुंबई शहरात रक्तपात झाला होता आणि कोणत्याही गृहमंत्र्याला सशस्त्र जमावाची धास्ती वाटणे स्वाभाविक होते. किसान सभेवर कम्युनिस्ट पक्षाचे नेतृत्व होते, आणि त्या पक्षाच्या १९४२ मधील भूमिकेविषयीचा राग राष्ट्रीय सभेत ताजा होता. ह्याहूनही महत्त्वाचा युक्तिवाद असा की लोकांनी निवडलेले सरकार आल्यावर लोकांनी रस्त्यावर येण्याचे प्रयोजनच उरत नाही; गाऱ्हाणे असेल तर ते मतपेटीतून, विधिमंडळातून किंवा न्यायालयातून मांडावे. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीतील आपल्या शेवटच्या प्रदीर्घ भाषणात हाच विचार अधिक काटेकोरपणे मांडला : सनदशीर मार्ग उपलब्ध नव्हते तेव्हा सत्याग्रह समर्थनीय होता, ते उपलब्ध झाल्यावर तो सोडून दिला पाहिजे. आंबेडकरांचा अधिकार येथे मोठा आहे, कारण त्यांनी हा नियम स्वतः पाळून त्याची किंमत मोजली होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या तळ्यावर दुसऱ्यांदा जाण्याचा निर्धार झाला असता दिवाणी न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आला. त्यांनी तो मानला आणि सत्याग्रह तहकूब केला. उच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय हाती पडावयास १९३७ साल उजाडले.

परंतु हा नियम वारल्यांना लावून पाहिला म्हणजे त्याची मर्यादा दिसते. सनदशीर मार्ग उपलब्ध असणे हा त्या युक्तिवादाचा पाया आहे. १९४६ च्या प्रांतिक निवडणुका प्रौढ मताधिकाराने झालेल्या नव्हत्या. मालमत्ता आणि शिक्षण ह्यांच्या अटींमुळे वारली मतदार यादीत जवळजवळ नव्हतेच. ज्याला मत नाही त्याला मतपेटीकडे बोट दाखविणे व्यर्थ होय. न्यायालयात जावयास लागणारा पैसा सावकाराकडे होता. उरला तो एकच मार्ग : सर्वांनी मिळून काम थांबविणे आणि एकत्र जमून तसे सांगणे. हद्दपारीने नेमका तोच बंद केला. हद्दपारी ही कैदेहून सौम्य मानली जाते, परंतु राजकीय दृष्टीने ती अधिक परिणामकारक ठरते. कैद्याला खटला मिळतो, खटल्यात बोलता येते, त्याची वार्ता होते. हद्दपार माणूस मुंबईत मोकळा फिरतो. फक्त ज्या माणसांशी त्याला बोलावयाचे त्यांच्याशी तो बोलू शकत नाही. दहिसरच्या पुढे आगगाडीत बसून राहणे हा त्याचा गुन्हा होतो.

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली आणि तिच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला मनाई करून तिचा भंग हा दंडनीय अपराध ठरविला. झरीच्या परिषदेने मे १९४५ मध्ये जे ठरविले ते पाच वर्षांच्या आत देशाच्या मूलभूत कायद्याचे वचन झाले. झरीच्या ठरावाचा पुरस्कार करणाऱ्यांवरील हद्दपारीची मात्र घटनेने कोठे दखल घेतली नाही, आणि घेण्याचे तिचे कामही नव्हते. अनुच्छेद १९ ने शांततेने व शस्त्राविना एकत्र जमण्याचा आणि देशभर संचार करण्याचा हक्क दिला, सोबत वाजवी निर्बंधांची मुभा ठेविली, आणि अनुच्छेद ३७२ अन्वये जुने कायदे चालू राहिले. १८९८ ची प्रक्रिया संहिता अशा रीतीने अखंडपणे प्रजासत्ताकात आली.

न्यायालयांनी हा वारसा कसा हाताळला ह्याचा इतिहास बहुतांशी मराठी मुलखातून आलेल्या खटल्यांचा आहे. १९५० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने जेसिंगभाई ईश्वरलाल ह्यांच्या प्रकरणी मुंबई सार्वजनिक सुरक्षा उपाय अधिनियमातील हद्दपारीची तरतूद अवैध ठरविली. बाधित माणसाला आपली बाजू मांडण्याची संधी ती देत नाही, हे त्याचे कारण. छगला मुख्य न्यायाधीश होते. त्याच वर्षी मध्यप्रांताचे माजी पंतप्रधान डॉ. ना. भा. खरे ह्यांना दिल्लीतून हद्दपार करण्यात आले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी तो कायदा वैध मानला. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाने दोन्ही शस्त्रे एकत्र केली : कलम ३७ मध्ये जमावबंदी, कलम ५६ व ५७ मध्ये हद्दपारी. छगलांच्या निर्णयाची छाया त्यात दिसते, कारण कलम ५९ ने नोटीस आणि सुनावणी आवश्यक केली. कलम ५६ मुळात गुंडांसाठी आहे. साक्षीदार उघडपणे पुढे येण्यास भितात ही त्यातील एक अट आहे. गुंडासाठी केलेले कलम संघटकाला लावता येते काय, हा प्रश्न तेव्हापासून महाराष्ट्रातील कामगार, शेतमजूर आणि झोपडवासीयांच्या चळवळींस वारंवार भेडसावत आला.

कलम १४४ ची घटनात्मक कसोटी नागपूरच्या एम्प्रेस मिलमधील १९५६ च्या तंट्यातून लागली. संपकाळात निघालेला मनाई हुकूम मोडल्याबद्दल बाबुलाल पराते ह्यांनी दाद मागितली; १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती मुधोळकरांच्या लेखणीतून, कलम वैध ठरविले. संकट प्रत्यक्ष येण्याची वाट पाहण्याची सक्ती राज्यावर करता येत नाही, हे त्यातील प्रतिपादन तर्काला सोडून नाही. पुढच्याच वर्षी कामेश्वर प्रसाद खटल्यात शांततामय निदर्शन हा घटनेने संरक्षिलेला हक्क असल्याचे त्याच न्यायालयाने मान्य केले. मधू लिमये ह्यांच्या १९७० च्या खटल्यात सात न्यायाधीशांनी कलम १४४ पुन्हा उचलून धरले, पण प्रसंग खरोखर तातडीचा असला पाहिजे असे बजावले. (ह्याच लिमयांना १९५५ मध्ये गोव्यात सत्याग्रह केल्याबद्दल पोर्तुगीज न्यायासनाने बारा वर्षांची शिक्षा दिली होती.) १९७२ मध्ये हिम्मतलाल शहा खटल्यात अहमदाबादच्या पोलीस आयुक्ताला रस्त्यावरील सभा मनमानीपणे नाकारण्याचा अधिकार देणारा नियम रद्द झाला, आणि १९८३ मध्ये तात्पुरता हुकूम पुनःपुन्हा काढून कायमचा करणे हा अधिकाराचा दुरुपयोग होय असे ठरले.

ह्या निर्णयांत तत्त्व म्हणून आक्षेपार्ह फार थोडे आहे. त्यांची उणीव काळाची आहे. मनाई हुकूम पंधरा दिवसांचा किंवा दोन महिन्यांचा असतो. त्याची वैधता ठरते वर्षांनी. परात्यांच्या बाबतीत पाच वर्षे लागली. तलवाड्याचे गवत एका पंधरवड्यात वाळून गेले असते. निषेधाला हंगाम असतो, आणि हंगाम टळल्यावर मिळालेला हक्क अभ्यासकांच्या उपयोगी पडतो.

१ जुलै २०२४ पासून ब्रिटिशकालीन दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि १९७३ च्या प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. १४४ चे १६३ झाले. शब्द जवळजवळ तेच राहिले. १८८ चे २२३ झाले आणि तेथे बदल झाला : एक महिन्याची कैद सहा महिन्यांवर गेली, दोनशेचा दंड अडीच हजारांवर. वसाहतवादी कायदा टाकून देण्याच्या हेतूने झालेल्या पुनर्रचनेत हुकुमाच्या अवज्ञेची कैद सहापट झाली, ही बाब चर्चेत फारशी आली नाही. महाराष्ट्रात विशेष जन सुरक्षा विधेयक २०२४ मध्ये मांडले गेले, संयुक्त समितीकडे गेले आणि जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी संमत केले. मूळ मसुद्यातील बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत प्रस्थापित कायदा व त्याच्या संस्था ह्यांच्या अवज्ञेस उत्तेजन देणे अंतर्भूत होते. नक्षलवादी संघटनांना आवर घालणे हा त्याचा सांगितलेला उद्देश आहे. परंतु व्याख्या उद्देशापेक्षा दीर्घायुषी असतात, हे १८६१ च्या कलम ६२ चा प्रवास पाहणाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

जंगलपट्टीतील वेठ घटनेच्या अनुच्छेदाने संपली नाही. १९७६ मध्ये वेठबिगारी पद्धती निर्मूलनाचा कायदा करावा लागला, आणि १९८० नंतरच्या दशकात आगाशीच्याच तालुक्यात, विरारच्या पूर्वेकडील पाड्यांत, विवेक व विद्युल्लता पंडित ह्यांच्या श्रमजीवी संघटनेने वेठबिगार मुक्त करण्याचे काम चालविले. रेल्वेमार्गाच्या पश्चिमेकडील बागायती गावांत ह्याच काळात वेगळा संघर्ष उभा राहिला. बांधकामासाठी हरित पट्टा खुला करण्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो आदींनी हरित वसई संरक्षण समिती उभारली. पुढे ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि भोवतालची ५३ गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. आगाशी तिच्या हद्दीत आले. अनेक गावांनी विरोध केला; ग्रामसभांचे मत विचारात घेतले नाही हे त्यांचे गाऱ्हाणे होते. मोर्चे निघाले, उपोषणे झाली, लाठीमार झाला आणि ग्रामस्थांवर गुन्हे नोंदले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आंदोलनाचे नेते विवेक पंडित वसईतून अपक्ष आमदार म्हणून निवडून आले, म्हणजे मतपेटीचा मार्गही अनुसरला गेला. ३१ मे २०११ रोजी शासनाने २९ गावे वगळण्याची अधिसूचना काढली, आणि महानगरपालिका तिच्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली. गावाचा कारभार ग्रामपंचायतीने करावा की महापालिकेने, हा वाद पुढे अनेक वर्षे दिवाणी याचिकांतून चालत राहिला. फौजदारी दप्तरात त्याची नोंद झाली ती बेकायदा जमाव, हुकुमाची अवज्ञा आणि सरकारी कामात अडथळा ह्या कलमांखाली.